'एलायजा' नावाचा नेमका अर्थ काय? (नातवाचं नाव ठरतंय, मदत हवी)

वैजूताई

मंडळी, धागा काढायची माझी ही दुसरीच वेळ. पहिला 'कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते' हा होता, तो अजून चालूच आहे.

लेक बॉस्टनजवळ असते. जावई ज्यू आहेत, अमेरिकेतच वाढलेले, गुणी मुलगा. येत्या तीन आठवड्यांत बाळ येईल, मुलगा आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय (तिकडे सांगतात). नाव ठरलंय 'एलायजा'. जावयांच्या आजोबांचं नाव एली होतं, त्यांच्यावरून. मी घरच्या ग्रुपवर टाकलं, तर पाच मिनिटांत जाऊबाईंचा मेसेज: 'इलायची?'

माझं म्हणणं एवढंच की नावाला अर्थ हवा आणि तो मला चार जणांत सांगता यायला हवा. लेक म्हणते, आई, गूगल कर. केलं. एका ठिकाणी 'प्रभू माझा देव', दुसरीकडे 'देव बलवान आहे', तिसरीकडे नुसतंच 'पवित्र'. नाव एक, अर्थ तीन. शिवाय उच्चार? जावई फोनवर एकदा 'एलायजा' म्हणतात, एकदा 'एलियाहू'. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. मला पाळण्यावर नाव भरतकामाने लिहायचंय, उसवायला लागू नये.

झंपूशेट

मी पहिला! इलायची वाईट नाही. मोठी की हिरवी, तेवढं ठरवा.

अळूवडी

अभिनंदन वैजूताई! आजी होणार म्हणजे डिंकाचे लाडू आलेच. कस्टममधून सोडतात का हो?

शब्दवेडा

ताई, तिघांपैकी पहिला अर्थ बरोबर आहे. बाकीचे दोन बाळांच्या नावांच्या संकेतस्थळांनी एकमेकांची नक्कल करून तयार केलेत.

मूळ हिब्रू नाव 'एलियाहू'. त्याचे तीन तुकडे पडतात. 'एल' म्हणजे देव. त्याला लागलेला 'ई' म्हणजे 'माझा'. आणि 'याहू' हे बायबलमधल्या देवाच्या चार अक्षरी नावाचं आखूड रूप. ते पूर्ण नाव ज्यू लोक उच्चारत नाहीत, वाचताना त्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'प्रभू', म्हणतात. माणसांच्या नावात मात्र हे आखूड रूप बिनदिक्कत येतं.

म्हणजे 'माझा देव, याह'. हिब्रूत वर्तमानकाळी 'आहे' लागत नाही. आपणही 'हा माझा भाऊ' म्हणतो, 'आहे' गाळतो, तसंच. तेव्हा हे नाव म्हणजे शब्द नाही, अख्खं वाक्य आहे. 'माझा देव तो याहच.' त्यातला न लिहिलेला 'च' महत्त्वाचा. तो का, ते त्या माणसाची गोष्ट माहीत असेल तर कळतं. जेवून येतो, मग लिहितो.

झंपूशेट

याहू म्हटलं की मला शम्मी कपूर बर्फात घसरताना दिसतो.

मी_निनावी

आणि मला माझं १९९९ सालचं ईमेल. पासवर्ड विसरलोय, त्यात बायकोचं पहिलं पत्र आहे.

आर्यावर्त

सगळं मुळात आपलंच आहे. 'एल' म्हणजे इळा, आणि 'याहू' म्हणजे ऋग्वेदातला 'यह्व'. अभ्यास वाढवा.

शब्दवेडा

जेवलो. @आर्यावर्त, 'यह्व' हा शब्द ऋग्वेदात आहे, मान्य. पण ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. तसं असतं तर 'मामा' म्हणणारी जगातली सगळी पोरं एका आजोळची निघाली असती. 'एल'चे सख्खे नातेवाईक शोधायला फार लांब जावं लागत नाही. अक्कादीत 'इलू', उगारितमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर 'एल' नावाचा थोरला देव, अरबीत 'इलाह'. सगळी एका कुटुंबातली माणसं, शेजारी शेजारी राहणारी.

आता गोष्ट. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात अहाब नावाचा राजा होता. त्याची राणी ईजबेल फिनिशियन, सिदोनच्या राजाची मुलगी. तिच्याबरोबर तिच्या माहेरचा बआल देव आला. बआल म्हणजे पाऊस आणि वादळ देणारा. तिथे एक केसाळ, कमरेला कातड्याचा पट्टा बांधलेला माणूस येऊन राजाला सांगतो, मी म्हणेन तोवर पाऊस काय, दवसुद्धा पडणार नाही. पर्जन्यदेवाच्या दारात उभं राहून पाऊस बंद! तो हा एलिया.

मग दुष्काळ पडतो. शेवटी कर्मेल डोंगरावर सामना. एका बाजूला बआलचे ४५० संदेष्टे, दुसऱ्या बाजूला हा एकटा. दोन बैल, दोन वेद्या, ज्याचा देव आकाशातून अग्नी पाठवील तो खरा. ते सकाळपासून आरडाओरडा करतात, अंगावर वार करून घेतात, काही नाही. हा टोमणे मारतो, 'मोठ्याने हाका मारा, कदाचित झोपला असेल.' मग आपल्या वेदीवर घागरी घागरी पाणी ओततो आणि एकदाच प्रार्थना करतो. अग्नी येतो. तेव्हा लोक पालथे पडून जे ओरडतात त्याचा अर्थ आहे, 'याह हाच देव'. म्हणजे जवळजवळ त्याचं नावच ओरडतात. नावात पहिल्यापासून जे होतं ते गोष्टीच्या शेवटी अख्ख्या गावाच्या तोंडी येतं. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाच्या अगदी शेवटी हेच वाक्य सिनेगॉगमध्ये आजही सात वेळा म्हणतात.

पानसुपारी

वा! झोपला असेल म्हणे. हा संदेष्टा पुण्याचा असावा.

भुईगावकर

वसईहून हजेरी. आमच्या मराठी बायबलात त्यांचं नाव 'एलीया' आहे. गोष्ट राजांच्या पुस्तकांत येते. लहानपणी मला त्यातली कावळ्यांची गोष्ट सर्वांत आवडायची. दुष्काळात तो करीथ ओहोळापाशी लपतो आणि कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देतात. आमची मावशी पितृपक्षात शेजाऱ्यांकडचं कावळ्याचं पान बघून म्हणायची, इथे उलटं आहे, तिथे कावळा वाढायचा.

अर्थाबद्दल शब्दवेडांना दुजोरा. पुरावा थेट शुभवर्तमानात आहे. येशू क्रुसावर 'एली, एली, लमा सबखथनी' म्हणतो, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तर उभे असलेले काही जण म्हणतात, हा एलीयाला हाक मारतोय. ऐकणाऱ्यांचा गोंधळ झाला, कारण नावाचा सुरुवातीचा भाग खरोखर तोच आहे.

आमच्याकडे पोर्तुगिजांमुळे 'एलियास' हे रूप आलं. चर्चमध्ये त्यांचा सण २० जुलैला. कार्मेलाइट संन्यासी त्यांना आपला मूळपुरुष मानतात. बांद्र्याचं माउंट कार्मेल म्हणताना निम्म्या लोकांना ठाऊक नसतं की हा तोच डोंगर.

गोदाकाठ

मग जावयांच्या आजोबांचं 'एली' हे याचंच लघुरूप ना? बायबलात एली नावाचा एक म्हातारा पुजारीही आहे, शमुवेलाला वाढवणारा. तो कोण?

शब्दवेडा

चांगला प्रश्न. मराठीत दोन्ही 'एली', इंग्रजीतही तेच, पण हिब्रूत अक्षर वेगळं. एलियाहूतला एली 'आलेफ'ने सुरू होतो, पुजारी एली 'आयिन'ने. आयिन हा घशातला वर्ण, अरबीतल्या 'अली'तला. तो धातू 'वर चढणे, उंच' या अर्थाचा. म्हणजे दोन एली एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. आधुनिक इस्राएलमध्ये ज्याला एली म्हणतात तो बहुतेक वेळा एलियाहू किंवा एलिएझर असतो. लेखक एली विझेल यांचं पूर्ण नाव एलिएझर होतं, 'माझा देव माझं साहाय्य'. तेव्हा ताई, आजोबा कोणते एली होते ते विचारून घ्या.

वैजूताई

बापरे, एवढ्यात इतकं! विचारलं. आजोबा एलियाहूच होते. त्यांच्या थडग्याच्या दगडावर आहे म्हणे. शब्दवेडा, तुमचं 'अख्खं वाक्य आहे' हे मला फार आवडलं. आमच्याकडे एक शब्द पुरतो, प्रसाद, केदार. वाक्य ठेवलेलं नाव पाहिलं नव्हतं.

मी_निनावी

रोज बातम्यांत ऐकता की. नेतन्याहू. नातन म्हणजे दिले, म्हणजे 'याहने दिला'. सरळ आपला देवदत्त! पण देवदत्त म्हटलं की साने-गोखले-जोशी यांच्यातला कुणी सायकलवरून जाणारा डोळ्यापुढे येतो आणि...

व्यवस्थापक

इथेच थांबू या. गाझा, निवडणुका आणि पंतप्रधान यासाठी वेगळे धागे आहेत, त्यांपैकी दोन कुलूपबंद आहेत. हा धागा बाळाचा आहे.

तिरफळ

योएल हे नाव बघा. यो म्हणजे तोच याह, आणि एल. एलियाचेच तुकडे, मागचं पुढे केलेलं. 'याह देव' आणि 'देव याह'. दोन नातवंडं असली तर एक सुलटा, एक उलटा.

वैजूताई

एकाचं तर होऊ द्या!

अलिबागची_लेक

वैजूताई, मी हा धागा उशिरा पाहिला, माफ करा. इकडे इस्राएलमध्ये, लोदला, आज शब्बाथ होता, शनिवारचा विश्रांतीचा दिवस.

तुम्ही विचारताय बॉस्टनच्या नातवासाठी, पण हे नाव आपल्या मराठीत शेकडो वर्षांपासून आहे हो! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कोकणात आमचे लोक तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायचे. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमची कथा. धर्मग्रंथ गेले, पण एलियाहू हनबी गेला नाही. हनबी म्हणजे 'तो संदेष्टा'. इस्राएली लोक 'हनावी' म्हणतात आणि मला सुधारायला बघतात. मी नाही सुधारत.

आमच्याकडे काहीही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, कुणी आजारातून उठलं, नवं घर घेतलं की एलियाहू हनबीचा मलिदा. पातळ पोहे भिजवायचे, त्यात ओला नारळ, साखर, वेलची (झंपूशेट, घ्या तुमची इलायची!), बदाम-बेदाणे. ताटात मध्ये डोंगर करायचा, भोवती पाच प्रकारची फळं, वर गुलाब. मग त्याचं गाणं म्हणायचं आणि फळाफळावर आशीर्वाद म्हणून वाटायचं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंकडे मलिदा मी पाहिला नाही. आमच्याच कोकणचा तो.

आणि अलिबागजवळ खंडाळा आहे, घाटातलं नव्हे, तिथे एक खडक आहे. त्यावर घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकाच्या खुणा. 'एलियाहू हनबीचा टापा' म्हणतात त्याला. एलियाहू अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला ना, तो जाताना इथे टेकला. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नवीन वर्षाला, तिथे जायचं, त्याला आमचे म्हातारे 'उरूस' म्हणायचे. माझी आजी नऊवारीत, डोक्यावर पदर, खडकाला हात लावून डोळ्यांना लावायची. बाजूच्या गावातल्या बायकाही यायच्या. त्यांना तो कोण, कुठला, काही माहीत नसायचं. पावतो एवढं माहीत होतं.

अळूवडी

अंगावर काटा आला. मलिद्याचं प्रमाण लिहा ना, वेगळा धागा काढा.

दापोलीकर

वाचतोय मघापासून. माझ्या सख्ख्या काकाचं नाव इलियास. दापोलीत चार तरी इलियास मी हाकेच्या अंतरावर दाखवतो. कुराणात इलियास दोनदा येतात, एकदा संदेष्ट्यांच्या यादीत आणि एकदा सूरा साफ्फातमध्ये, तिथे गोष्टीसकट. तुम्ही बआलला हाक मारता आणि सर्वोत्तम निर्मात्याला सोडता, असं ते आपल्या लोकांना विचारतात. म्हणजे कर्मेलचं भांडण आमच्याकडेही तेच. तुर्कस्तानात खिज्र आणि इलियास वर्षातून एकदा भेटतात म्हणून ६ मेच्या सुमारास 'हिदिरेल्लेझ' हा वसंताचा सण करतात. नावातच दोघं आहेत, हिझिर आणि इलियास.

काकाला सांगितलं की बॉस्टनला तुमच्या नावाचा पोरगा येतोय. तो म्हणाला, त्याला म्हणावं उधारी मागू नको.

हिमवाट

मीही भर घालतो. मॉस्कोत सहा वर्षं काढली. तिथे हाच माणूस 'इल्या'. चित्रकार इल्या रेपिन, लोककथांतला पहिलवान इल्या मुरोमेत्स. त्याचा दिवस २ ऑगस्ट, भुईगावकरांच्या २० जुलैचाच, फक्त जुन्या पंचांगाने तेरा दिवस पुढे. रशियन खेड्यात गडगडलं की म्हणतात इल्या रथ हाकतोय. त्या दिवसानंतर नदीत पोहत नाहीत, पाणी गार होतं. ख्रिस्ती होण्याआधी त्यांचा गडगडाटाचा देव पेरुन होता, त्याचं काम पुढे इल्याकडे आलं असं अभ्यासक मानतात. गंमत बघा, पावसाच्या देवाला हरवणाऱ्या माणसालाच लोकांनी शेवटी पावसाच्या खात्यावर बसवलं.

पानसुपारी

बदली झाली म्हणायची.

गोदाकाठ

एक कळत नाही. हिब्रूत 'य', मराठीत 'य', रशियनमध्ये 'य'. मग इंग्रजीत 'जा' कुठून आलं?

शब्दवेडा

लॅटिनमध्ये 'इ' आणि 'य' दोघांना एकच अक्षर होतं. पुढे त्याच अक्षराला शेपूट फुटून दुसरं अक्षर झालं. जर्मनांनी त्याचा उच्चार 'य' ठेवला, इंग्रजांनी फ्रेंचांच्या नादाने 'ज' केला. म्हणून याकोबचा जेकब, योसेफचा जोसेफ, एलियाचा एलायजा. ग्रीकमधून जे गेले त्यांचं मात्र एलियास झालं. मागे लागलेला 'स' हा ग्रीकांचा पुरुषी नावाचा प्रत्यय. इंग्रजीतलं एलिस, एलियट ही आडनावंसुद्धा याच घराण्यातली.

तेव्हा ताई, उच्चाराचं कोडं सुटलं. जावई इंग्रजी बोलताना 'एलायजा', प्रार्थनेत 'एलियाहू'. दोन्ही बरोबर. आणि चारचौघांत नाव विचित्र वाटेल याची काळजी नको, २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षी अमेरिकेत मुलांच्या नावांत हे चौथं होतं. वर्गात आणखी दोघं असतील.

कोथरूडकर_काका

मला सगळं पटलं, पण एक शंका आहे. ज्यू धर्म आईकडून येतो ना? मग आई आपली म्हटल्यावर हे नाव, सुंता, सगळं कशासाठी? साधं अथर्व ठेवा की.

अलिबागची_लेक

काका, कडव्या मतानुसार आईकडून, खरं आहे. पण अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ मध्ये ठराव केला की वडील ज्यू असले आणि मूल त्या संस्कारात वाढलं तरी चालेल. तिकडे तो मोठा पंथ आहे. इकडे इस्राएलमध्ये रब्बी वेगळं म्हणतात. आम्हा बेने इस्राएलनाही एके काळी 'तुम्ही खरे ज्यू का' म्हणून विचारलं होतं, १९६४ पर्यंत झगडावं लागलं. तेव्हा कोण खरं हे मोजायला मी बसत नाही.

वैजूताई

काका, अथर्व आमच्या सोसायटीत सात आहेत. आईबापांनी ठरवलंय, मी पाळणा भरते आहे.

न्यूजर्सीची_नमू

ताई, एक काळजीचं सांगते, रागावू नका. माझी मैत्रीण ज्यू आहे, तिच्याकडून शिकले. युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये बाळाचं नाव जन्माआधी जाहीर करत नाहीत. आठव्या दिवशी 'ब्रिस', म्हणजे सुंतेचा विधी, तेव्हाच पहिल्यांदा उच्चारतात. कपडे, पाळणासुद्धा आधी घरात आणत नाहीत कित्येक जण. दृष्ट लागते. तुम्ही ग्रुपवर टाकलंय...

वैजूताई

अरे देवा. ग्रुपवर १४३ माणसं आहेत.

झंपूशेट

आणि इथे किती वाचताहेत ते विचारू नका.

पानसुपारी

ताई, घाबरू नका. ग्रुपवर सगळ्यांनी 'इलायची' वाचलंय. दृष्ट लागली तर वेलदोड्याला लागेल.

न्यूजर्सीची_नमू

हो, जावयांनीच तुम्हाला सांगितलं म्हणजे ते तेवढे कडक नसावेत. दुसरा नियम तुमच्या बाजूचा आहे. युरोपीय ज्यू जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, गेलेल्याचंच ठेवतात. बगदादी आणि इतर पूर्वेकडचे मात्र जिवंत आजोबांचंही ठेवतात.

गोदाकाठ

आपल्याकडे तर आजोबांचं नाव नातवाला हा रिवाजच. मग घरात आजोबांना नावाने हाक मारायची चोरी, म्हणून पोराला सगळे 'बाळ्या'.

अलिबागची_लेक

आमच्या जुन्या लोकांनी तर नावं पार कोकणी करून टाकली होती. अब्राहामचा आबाजी, बेन्यामीनचा बनाजी, यहेज्केलचा हसाजी, शमुवेलचा सामाजी. मुंबईतली आमची पहिली मशीद (आम्ही सिनेगॉगला मशीद म्हणतो) १७९६ साली बांधली ती सामाजी हसाजी दिवेकरांनी. म्हणजे शमुवेल यहेज्केल. आणि एलियाहूचा? एलोजी! वैजूताई, बघा, पाळण्यावर 'एलोजी' किती शोभेल.

फोर्टला गेलात तर काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग पाहा. १८८४ साली ससून भावांनी वडिलांच्या, एलियास डेव्हिड ससून यांच्या, स्मरणार्थ बांधलं. तुमच्या नातवाच्या नावाची अख्खी इमारत आहे मुंबईत.

आर्यावर्त

एलोजी म्हणजे इळोजी. मी काय म्हणत होतो!

शब्दवेडा

तेकू.

आर्यावर्त

म्हणजे?

शब्दवेडा

तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, पंडितांचा वाद मिटला नाही की शेवटी हा शब्द येतो, 'तसंच राहू दे'. परंपरेने त्याची अक्षरं फोडून अर्थ लावला की तिश्बी येऊन कोडी सोडवील. तिश्बी म्हणजे आपला एलियाहूच, तिश्बेचा म्हणून. तो मेला नाही, रथातून गेला, परत येणार आहे, तेव्हा आपल्या दोघांत कोण बरोबर ते सांगेल. आजच्या हिब्रूत क्रिकेटची... चुकलो, फुटबॉलची मॅच बरोबरीत सुटली तरी 'तेकू'च म्हणतात.

व्यवस्थापक

हा शब्द आम्ही धोरणात घेत आहोत.

भुईगावकर

परत येणार म्हणूनच पेसाह या ज्यूंच्या सणाच्या जेवणाला त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात ना?

अलिबागची_लेक

हो. आणि ब्रीतच्या (नमूचं 'ब्रिस' तेच) वेळी त्याची वेगळी खुर्ची असते. जुनी कथा अशी की त्याने देवाकडे तक्रार केली, तुझे लोक करार सोडून बसले, मी एकटा उरलो. देव म्हणाला, असं? मग आता प्रत्येक मुलाच्या ब्रीतला जाऊन स्वतः बघत बस. ताई, तुम्हाला तिथे एक खुर्ची रिकामी दिसेल, नटवलेली. तिच्यावर बसू नका हं.

तिरफळ

तक्रार करणाऱ्यालाच समितीवर घेतलं. सोसायटीत हेच होतं.

शब्दवेडा

जाता जाता एक. बायबलात हे नाव दोन तऱ्हांनी लिहिलंय. लांब 'एलियाहू' आणि आखूड 'एलिया', शेवटचं 'वाव' हे अक्षर गाळून. आखूड फक्त पाच ठिकाणी. उलट याकोबाच्या नावात पाच ठिकाणी एक वाव जास्तीचा पडलाय. अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी त्याचा उलगडा देतो. याकोबाने एलियाहूच्या नावातलं एक अक्षर गहाण ठेवून घेतलं. तू येऊन माझ्या लेकरांना सुटकेची बातमी देशील तेव्हा सोडवून ने.

दापोलीकर

काका उधारीचं उगाच नव्हता बोलला.

वैजूताई

(पाच आठवड्यांनी) मंडळी, बॉस्टनहून लिहिते आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप. सव्वातीन किलो, जावळ भरपूर.

आठव्या दिवशी ब्रिस झालं. मी मनाचा हिय्या करून उभी होते, पण त्या क्षणी डोळे मिटले ते मिटलेच. रब्बींनी नाव मोठ्याने उच्चारलं, 'एलियाहू', वडिलांच्या नावासकट. व्याही रडले. त्यांच्या वडिलांचं नाव त्या खोलीत कितीतरी वर्षांनी कुणीतरी हाक मारल्यासारखं घेतलं.

आता कबुली. अलिबागच्या लेकीने बजावलं होतं, खुर्चीवर बसू नका. बसले नाहीच. पण सकाळच्या गडबडीत हातातला डिंकाच्या लाडवांचा डबा तिच्यावर ठेवला. (कस्टमने सोडले, अळूवडी.) जावयांच्या आत्याबाईंनी पाहिलं, मला हळूच म्हणाल्या, राहू द्या, लांबून येतो तो, भूक लागली असेल. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, तर याच आत्याबाईंना मी बाराव्या दिवशी पुढे केलं. पाळण्यात घालून 'कुर्र' केलं, त्यांना ते इतकं आवडलं की तीन वेळा केलं.

उच्चाराचं सांगायचं राहिलं. व्हिडिओवर जाऊबाई आल्या, पाच सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, 'काय रे एल्या!' झालं. सुऱ्या, पक्या, तसा एल्या. मी जावयांची माफी मागायला गेले की आमच्याकडे प्रेमाने नावं अशी मोडतात. ते पुस्तक घेऊन आले आणि मलाखीचं शेवटचं पान दाखवलं. तिथे आखूडच आहे, 'एलिया'. म्हणाले, तुमच्या जाऊबाईंना हिब्रू कोणी शिकवलं?

मी सांगितलं, वाव आमच्याकडे गहाण आहे.

पाळण्यावर मात्र 'एलियाहू' पूर्ण भरलंय, निळ्या दोऱ्याने, देवनागरीत.

अलिबागची_लेक

मझल तोव वैजूताई! इकडे आज मलिदा केला, एल्याच्या नावाने. ताटाचा फोटो टाकते.

झंपूशेट

फोटोत वेलची दिसत नाही.

अळूवडी

वैजूताई, अभिनंदन! आता जरा लोणच्याच्या धाग्यावर या, तिथे कुणीतरी मोहरीचं तेल सुचवलंय आणि मारामारी चालू आहे.

शब्दवेडा

तेकू.